नाव घेतलं खरं

एके काळी माझ्या नावावर एकतीस नावं होती. हाक मारली तर त्यातलं एकही ओ देत नसे, पण खायला दरवर्षी सगळी वेळेवर हजर. आमच्या घरात त्यांना 'तुझी ती नावं' म्हणत. 'तुझी ती' या दोन शब्दांत मेघना जे काही कोंबते, ते सकाळच्या डोंबिवली फास्टमध्येसुद्धा मावणार नाही.

सुरुवात पिझ्झ्यापासून झाली. अमेरिकेतल्या एका गृहस्थानं १९९४ साली पिझ्झा डॉट कॉम हे नाव घेऊन ठेवलं, वर्षाला वीस डॉलर भरत बसला आणि २००८ साली ते सव्वीस लाख डॉलरला विकलं. हे मी वाचलं तेव्हा माझ्या हातात पिझ्झाचाच तुकडा होता. तो तसाच हातात राहिला. मग बिझनेस डॉट कॉमची हकिकत वाचली. १९९७ साली दीड लाख डॉलरला घेतलेलं नाव १९९९ साली पंचाहत्तर लाखांना गेलं. दोन वर्षांत पन्नासपट! माझ्या पगारातून दर महिन्याला जी आवर्ती ठेव कापली जाते, तिच्याकडे त्या रात्री मी पहिल्यांदा तुच्छतेनं पाहिलं.

धंदा ऐकायला सोपा. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. उद्या कुणाला तरी लागेल असा पत्ता आज आपण घेऊन ठेवायचा आणि त्याला गरज पडली की चढ्या भावात द्यायचा. हे मी मेघनाला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

"म्हणजे ब्लॅकची तिकिटं," ती म्हणाली.

"गुंतवणूक," मी म्हटलं.

"प्लाझाबाहेर उभे असायचे, तेही हेच म्हणायचे का?"

मला उशीर झाला होता हे मान्य. पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं ते १५ मार्च १९८५ला, सिम्बॉलिक्स नावाच्या अमेरिकी संगणक कंपनीनं. तेव्हा मी बालवाडीत होतो. त्यानंतर दहा वर्षं ही नावं फुकट मिळत होती. अक्षरशः फुकट. १९९५च्या सप्टेंबरात त्यांना पैसे लागायला लागले. आणि आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते कधी? १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे पंगत उठायला एक महिना असताना आपल्याला पाट मिळाला, आणि वाढपी कुठे आहे हे सांगायला कोणी नाही. मी त्या महिन्यात दहावीच्या क्लासमध्ये प्रमेयं पाठ करत होतो. पायथागोरस डॉट कॉमसुद्धा सुचलं नाही.

आपल्याकडे पोहायला शिकायचं तरी गुरू लागतो, विहिरीत ढकलण्यापुरता का होईना. तेव्हा मी गुरू शोधायला लागलो. पहिले गुरू यूट्यूबवर भेटले. वय साधारण तेवीस, मागे एक लाल गाडी. त्या गाडीचा दरवाजा उघडलेला मी एकाही व्हिडिओत पाहिला नाही. त्यांच्या कोर्सची किंमत चार हजार नऊशे नव्व्याण्णव, पण 'फक्त आज' चौदाशे नव्व्याण्णव. हा 'आज' पुढे अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी मी भरले, कारण तेराव्या दिवशी उद्या उजाडला असता तर?

कोर्समध्ये दहा धडे होते. पहिल्या सहा धड्यांत लोक श्रीमंत कसे झाले हे होतं. त्यातली एक गोष्ट मला अजून आवडते, आणि ती खरी आहे. कच्छच्या मांडवीचा एक तरुण २०१५ साली रात्री जागत बसला होता. गंमत म्हणून त्यानं गूगल डॉट कॉम हे नाव विकत मिळतंय का ते पाहिलं, आणि मिळालं! बारा डॉलरला. जेमतेम मिनिटभर तो मालक होता, मग व्यवहार रद्द झाला. कंपनीनं त्याला बक्षीस दिलं ते सहा हजार सहा डॉलर आणि तेरा सेंट, कारण तो आकडा जरा तिरप्या नजरेनं पाहिला तर 'गूगल' असा दिसतो. त्यानं पैसे दान करतो म्हटल्यावर कंपनीनं रक्कम दुप्पट केली. ही गोष्ट ऐकल्यावर आठवडाभर मी रात्री दीड वाजता जगातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांची नावं उपलब्ध आहेत का ते तपासत होतो. नव्हती. सगळ्यांनी वेळेवर भाडं भरलेलं होतं.

सातव्या धड्यात गिऱ्हाइकाला मेल कसं लिहावं ते होतं. त्या धड्याकडे पुन्हा यायचंय. आठव्यात गुरू म्हणाले, "ट्रेंड पकडा." मी पकडला. फेसबुकनं नुकतंच स्वतःचं नाव मेटा केलं होतं, म्हणून मी 'मेटावारी' घेतलं. घरबसल्या पंढरपूर, अशी कल्पना. मग 'मेटामोदक'. मग 'कोविडकाढा', तेही साथ ओसरत असताना. 'पोहेक्रिप्टो' मी कुठल्या अवस्थेत घेतलं ते आठवत नाही. पहिल्या वर्षाला प्रत्येकी नव्व्याण्णव रुपये फक्त. आपल्या माणसाला नव्व्याण्णव रुपयांत चूक करायला दिली तर तो एक करून थांबत नाही.

दुसरा गुरू म्हणजे एक यंत्र. नाव टाका, ते किंमत सांगतं. 'मेटावारी'ची किंमत त्यानं तेराशे चाळीस डॉलर सांगितली. मी सद्गदित झालो. मग चिरंजीवांनी कीबोर्डवर तळहात आपटून जी अक्षरं उमटली ती टाकली. एकशे दहा डॉलर. यंत्राचा स्वभाव मुलीकडच्यांना स्थळ सुचवणाऱ्या मावशीसारखा होता. तिच्या लेखी वाईट मुलगा जन्मालाच आलेला नसतो.

मराठी नावांची एक खास अडचण आहे, आणि ती कुठल्याच गुरूनं सांगितली नाही. ती मला सांगलीच्या मावशीनं शिकवली. या धंद्यात रेडिओ-कसोटी नावाचा प्रकार आहे. नाव नुसतं कानानं ऐकून समोरच्याला बिनचूक टाइप करता आलं पाहिजे. मी मावशीला फोन लावला.

"मावशी, पुरणपोळी डॉट कॉम असं टाइप कर बघू."

"केव्हा आहे पुरणपोळी?"

"नाही गं, नुसतं टाइप कर. इंग्रजीत."

"थांब, चष्मा घेते. पी... यू का डबल ओ?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय बाळा, तुझं नाव ना ते? आणि ळ कुठाय यात?"

ळ कुठेच नाही. त्यासाठी कोणी एक एल घालतं, कोणी दोन. शेवटची ई कोणी आयनं लिहितं, कोणी डबल ईनं, आणि ज्यांचं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं ते वायनं. मी कागदावर हिशोब मांडला. उकाराचे दोन, ळचे दोन, ईचे तीन. बारा पुरणपोळ्या. म्हणजे एक राखायची तर अकरा शेजारणींवर लक्ष ठेवायचं. वड्याचं तर विचारूच नका. व्ही की डब्ल्यू, इथेच अर्धा महाराष्ट्र अर्ध्या महाराष्ट्राशी बोलत नाही.

यावर उपाय म्हणजे सरळ देवनागरीत नाव घ्यायचं. तशी सोय २०१४पासून आहे, नावाच्या शेवटी चक्क 'डॉट भारत' लागतं. अभिमानानं ऊर भरून मी एक घेतलं आणि धाकट्या भावाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. यंत्रांची आपसातली भाषा मात्र अजून रोमनच. त्यामुळे वाटेत कुठेतरी माझ्या देखण्या मराठी नावाचं 'एक्स एन डॅश डॅश एच टू बी आर जे' असं काहीतरी झालं आणि तसंच ते त्याच्याकडे पोचलं. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "तुझा मोबाइल हॅक झालाय. कुठल्याही लिंकवर क्लिक करू नकोस. वहिनीला बँकेत फोन करायला सांग."

आणि मग तो दिवस उगवला. मेल आलं. परदेशातला एक गुंतवणूकदार 'मेटामोदक'ला नऊ हजार डॉलर द्यायला तयार होता. मी मेघनाला काही बोललो नाही, नुसता जाता-येता तिच्याकडे पाहून हसत होतो. तिनं दोनदा ताप बघितला. गुंतवणूकदाराची अट एकच. नावाचं मूल्यांकन-प्रमाणपत्र हवं, आणि तेही एका ठराविक ठिकाणचंच, बाकीच्यांवर त्यांचा विश्वास नाही. फी ऐंशी डॉलर. नऊ हजारांपुढे ऐंशी म्हणजे काय? लग्नाच्या आहेरावरचा रुपया. मी भरले. प्रमाणपत्र आलं, त्यावर सोनेरी शिक्का होता. गुंतवणूकदार काही आला नाही. हा या धंद्यातला फार जुना सापळा आहे. प्रमाणपत्र विकणारा आणि नाव मागणारा एकच माणूस. पुढे मला कळलं की खरा गिऱ्हाईक तुमच्याकडे कागद मागत नाही, फार तर एस्क्रो मागतो. म्हणजे पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायचे, नाव हातात आलं की त्यानं ते सोडायचे. प्रमाणपत्र अजून आहे. सोनेरी शिक्का खरंच सुंदर आहे.

याच सुमारास एका नामांकित कंपनीच्या नावाला 'पुणे' जोडून मी एक नाव घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना लिफ्टमध्ये ते कौतुकानं सांगितलं. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली तरी ते उतरले नाहीत. रेडिफच्या नावातला 'ई' बदलून कोणीतरी 'ए' घातला होता, त्या रॅडिफचं प्रकरण १९९९ साली आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नाव वापरायला मनाई झाली, हे त्यांनी मला तळमजल्यापासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून तळमजल्यापर्यंत सांगितलं. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंही डोमेन नावाला व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळू शकतं असं म्हटलंय, हे दुसऱ्या फेरीत. "एका अक्षरासाठी!" असं म्हणून ते उतरले. फी घेतली नाही. माझ्या सगळ्या गुरूंत फुकट एवढेच.

एवढेच म्हणजे, नाना सोडून.

नाना माझे चुलते. वय एक्क्याऐंशी, मुक्काम गिरगावात, चाळीतल्या दीड खोलीत, पागडीवर. नोकरी छापखान्यात झाली, पण त्यांची खरी ख्याती चाळीतल्या खोल्यांच्या व्यवहारांसाठी. कुणाला खोली हवी, कुणाला सोडायची, सगळं नानांच्या ओट्यावर ठरायचं. कंप्युटरला ते अजून 'तो टीव्ही' म्हणतात. गणपतीत त्यांच्याकडे गेलो होतो. आरती झाल्यावर चहा घेताना काय उद्योग चाललाय म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी सांगत सुटलो.

"दरवर्षी पैसे भरायचे?" नानांनी बशी खाली ठेवली.

"हो, रिन्यूअल. पहिल्या वर्षी नव्व्याण्णव, मग हजार-बाराशे."

"नाही भरले तर?"

"तर नाव जातं."

"आणि तुला दुसऱ्याला देता येतं? तुझ्या भावानं?"

"हो, देता येतं."

"मग विकत घेतलं विकत घेतलं काय म्हणतोस? ही पागडी आहे!"

एवढा सगळा खर्च करून मला जे कळलं नव्हतं, ते नानांना अर्ध्या कप चहात कळलं. नाव कधीच आपल्या मालकीचं होत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं आगाऊ भरता येतं, त्यापुढे नाही. भाडं भरतोय तोवर आपली खोली, आणि ती दुसऱ्याला सोपवण्याचा हक्क आपला. नानांनी मग मालक कोण ते विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांत वर आयकॅन म्हणून कॅलिफोर्नियातली संस्था आहे, १९९८ सालची. तिच्याखाली डॉट कॉमचं दप्तर व्हेरिसाइनकडे, डॉट इनचं निक्सीकडे. त्यांच्याखाली आपल्याला नाव देणाऱ्या कंपन्या.

"म्हणजे वर ट्रस्ट, मध्ये मालक, आणि दर महिन्याला दारात येतो तो मेहताजी," नाना म्हणाले. "बरोबर आहे. आता सांग, भाडेपावती कुणाच्या नावावर?"

मी गप्प. कारण नोंदणी चिरंजीवांनी करून दिली होती आणि मेलचा पत्ता त्यांनी स्वतःचा घातला होता. या धंद्यात ज्याच्या हातात तो मेलचा पत्ता, त्याची खोली. माझ्या एकतीस नावांचा मालक आठवीत होता.

"पावती आधी आपल्या नावावर कर," नाना म्हणाले. "खोटं पत्र करून खोल्या लाटलेल्या पाहिल्यात मी."

मला ताबडतोब १९९५ सालची हकिकत आठवली. एका माणसानं बनावट पत्र पाठवून दुसऱ्याचं अत्यंत मौल्यवान नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं, आणि मूळ मालकाला ते कोर्टातून परत मिळायला २००० साल उजाडलं. नानांना सांगायला घेतली, पण अडलो.

"कुठलं नाव होतं?"

"होतं एक, नाना. इंग्रजी. तीन अक्षरी."

"सांग की."

समोर गणपती, शेजारी काकू. मी म्हटलं, "विसरलो."

मग नानांनी यादी मागितली. मी एकेक नाव वाचायचं आणि नानांनी प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारायचा, "हे कुणाला हवंय?" मेटावारी कुणाला हवंय? कोविडकाढा कुणाला हवंय? मी दर वेळी सांगत होतो, "उद्या लागेल की कुणाला तरी." सातव्या-आठव्या नावाला नाना म्हणाले, "हा 'कुणाला तरी' कुठे राहतो? गिरगावात तर नाही. मी पन्नास वर्षांत एकही खोली 'कुणाला तरी' दिली नाही. ज्याच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि घरात झोपायला जागा नाही, त्याला दिली."

नेमबायोवर आधी झालेल्या विक्रीच्या नोंदी पाहायला मिळतात, असं मी सांगितल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे रेडी रेकनरचा भाव नव्हे, खरे झालेले व्यवहार? मग त्या लाल गाडीवाल्याकडे कशाला गेलास? ते वाचत बस ना." त्यानंतर दोन महिने मी रोज ट्रेनमध्ये तेच वाचलं. छोटी, सरळ, दोनदा सांगावी न लागणारी नावं विकली जातात. गावाचं नाव आणि धंद्याचं नाव शेजारी ठेवलेली साधीभोळी जोडी विकली जाते. मोदक आणि क्रिप्टो एका ताटात असलेलं एकही नाव मला त्या नोंदींत सापडलं नाही.

बावीस नावं मी सोडून दिली. सोडणं म्हणजे काय हेही पाहण्यासारखं असतं. मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. काही आठवडे ते नेहमीच्या भाड्यात परत मिळतं. मग तीस दिवस जबर दंड भरून मिळतं. मग पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, नुसतं सुतक. आणि सहाव्या दिवशी ते मोकळं झालं रे झालं की टपून बसलेली यंत्रं क्षणात झडप घालतात. मी 'पोहेक्रिप्टो'चे हे सगळे दिवस पाळले. सहाव्या दिवशी सकाळी डबा भरताना मोबाइल उघडून बघितलं. नाव तसंच पडून होतं. कावळा शिवला नव्हता.

गेल्या दिवाळीत नानांचा फोन आला. त्यांच्या मुलीनं, सुषमानं, मसाल्यांचा घरगुती धंदा सुरू केलाय. तिला नाव हवं होतं. "तू या लायनीतला, तर बघ." मी बघितलं. तिला हवं होतं ते नाव तीन वर्षांपासून कुणीतरी घेऊन ठेवलेलं होतं, आणि पाटी लावली होती, विकणे आहे. मी विचारणा केली. उत्तर आलं, बाराशे डॉलर.

"लाख रुपये!" मी नानांना म्हटलं. "सोडा, दुसरं बघू."

"सोडायचं कशाला? लिही, भाव कळला, सध्या गरज नाही. बाकी एक शब्द नको."

लिहिलं. तीन आठवडे शांतता. सुषमा अस्वस्थ, मी तिच्याहून अस्वस्थ, नाना शब्दकोडं सोडवतायत. मग मेल आलं, साडेसातशे. मी उत्तर लिहायला बसलो तर नाना म्हणाले, "ठेव तो टीव्ही बाजूला." परवा तिसरं मेल आलं. चारशे डॉलर, शेवटची किंमत, लवकर कळवावं, कारण दुसऱ्या एका पार्टीनंही या नावात रस दाखवला आहे.

मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि थांबलो. ते मला पाठ होतं. सातव्या धड्यातलं होतं, शब्दन् शब्द. मी स्वतः ते सेहेचाळीस मिसळवाल्यांना आणि अकरा ढोलपथकांना पाठवलं होतं.

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"दुसरी पार्टी म्हणे," ते हसत म्हणाले. मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "काय रे, तूही लोकांना असलीच पत्रं पाठवतोस का?"